फुगवटा

सूर्यमाळेच्या पाड्यांवर सोयरीक जुळवताना कोणी शेत बघत नसे, की जव्हारच्या दरबारात ओळख किती ते विचारत नसे. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे जेवायला जात आणि ताटातल्या भाताचा फुगवटा बघत. नवा तांदूळ शिजून गोळा होतो, जुना मूठभर टाकला तरी मडकं भरतो. आणि ज्याच्या घरात जुना तांदूळ उरलेला, त्याच्या घरात पावसाळ्यात कोणी उपाशी निजत नाही, असा तो सरळ हिशेब.

सुकरीच्या घरात जुना सोडा, नवाही उरला नव्हता. पण काळी, तिची लेक, एकदाची भरल्या घरात पडावी म्हणून ती शेजारच्या हौशीकडे गेली. हौशीनं तीन वर्षांचा तांदूळ शेरभर मोजून दिला. "ने बाय. नी शिजताना झाकण ठेवू नको, पाव्हण्यांना फुगताना दिसू दे."

मुलाचा बाप फागू जेवायला बसला. त्यानं शीत बोटांत दाबून पाहिलं. "फुगवटा झ्याक आहे, विहीणबाय. आमच्याकडंही असाच. परवा या, बघालच."

तिथंच गूळ वाटला गेला. पोर आता पोटभर जेवेल, या विचारानं सुकरीला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी ती शेराचं माप परत द्यायला हौशीच्या दारात गेली.

"ते उंबऱ्यावरच राहू दे," हौशी म्हणाली. "फागूची बायको येतेच आहे तांदूळ न्यायला."