गच्चीचं कुलूप
सोसायटीच्या गच्चीला कुलूप लावण्यात अध्यक्षांचा दुहेरी फायदा होता: त्यांच्या कुंड्यांना जागा मिळणार होती आणि रोज सकाळी तिथून दुर्बिणीने पक्षी बघणाऱ्या मावशी टळणार होत्या. कारण मात्र दिलं, ‘मावशी लोकांच्या घरात डोकावतात.’ मावशी भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवारात खुर्ची टाकली, नेमकी अध्यक्षांच्या खिडकीसमोर, आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. अध्यक्ष बनियनवरच खिडकीत आले. “मावशी, माझ्या घरात काय बघताय?” “तुमच्यात मेलं काय बघायचंय? जरा बाजूला सरका. हिवाळ्याचा पाहुणा आलाय, थिरथिरा. तुमच्या एसीच्या डब्यावर शेपटी नाचवतोय.” आठवडाभरात अध्यक्ष किल्ली घेऊन खाली आले. “वरच जा हो, मावशी.” “राहू द्या. गुडघे दुखतात, आणि इथून जवळून दिसतो.” कुलपाचा खर्च सोसायटीला पडला, जाड पडद्यांचा अध्यक्षांना, कोवळं ऊन मावशींना फुकट.