कुणी विचारलं होतं?

पत्र चार ओळींचं होतं. सुनेनं ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा खिडकीपाशी नेऊन वाचलं.

‘स्वभाव शांत. वेळेवर येतात. औषधं चोख देतात. सहा वर्षांत आमच्या घरातली एकही वस्तू हरवली नाही.’

“छान लिहिलंय की,” नवरा म्हणाला. आधीच्या घरचं हे पत्र आणणाऱ्या मावशी आतल्या खोलीत सासूबाईंची उशी सारखी करत होत्या. आजचा दिवस बघू, मग ठरवू, असं बोलणं झालं होतं. सोमवारपासून सुनेला कामावर हजर व्हायचं होतं, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना सांभाळायला दुसरं कुणी मिळत नव्हतं.

“छान? वस्तू हरवली नाही, हे कुणी विचारलं होतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे उद्या मी तुझ्याबद्दल लिहिलं, ‘यांनी लग्नानंतर मला एकदाही मारलं नाही’, तर लोक काय समजतील?”

नवऱ्यानं कप खाली ठेवला.

तिचं कामच हे होतं हो. कंपनी सोडून जाणाऱ्यांची शिफारसपत्रं बारा वर्षं तीच लिहीत आली होती. कामचुकाराला ती ‘मनमिळाऊ’ म्हणायची. भांडकुदळ माणूस ‘स्पष्टवक्ता’ व्हायचा. वाईट लिहायचं नाही असा नियमच होता, आणि तो वाचणाऱ्यालाही ठाऊक असायचा. सरळ वाक्य सरळ वाचायची तिची सवयच मोडली होती.

“उघड सांगायची चोरी असते ना,” ती हळू आवाजात म्हणाली, “मग असं सुचवायचं असतं.”

दिवसभर तिनं मावशींवर नजर ठेवली. पाणी द्यायच्या निमित्तानं डोकावली, टॉवेल न्यायच्या निमित्तानं डोकावली. कपाटाला कुलूप घातलं, आणि आवाज होऊ नये म्हणून दार हातानं दाबून धरलं. लाज वाटत होती, पण भीती तिच्याहून वरचढ. मावशींनी सासूबाईंना कुशीवर वळवून पाठीला पावडर लावली, काहीतरी गंमत सांगितली, तशा सासूबाई कित्येक दिवसांनी खुदकन हसल्या. सुनेच्या मनात आलं, गोड बोलून घरात पाय रोवायला बघतायत.

दुपारी मावशींनीच विषय काढला. “पत्र वाचलंत ना, ताई? तुमच्याआधी तीन घरी दाखवलं. सगळे कळवतो म्हणाले. दोन महिने झाले, घरीच आहे मी.”

“वाचलं. संध्याकाळी सांगते.” ती तिन्ही घरं शहाणी निघाली, असं तिला वाटून गेलं.

संध्याकाळी निघताना मावशींनी आपली पिशवी टेबलावर ठेवली, चेन उघडली आणि एकेक वस्तू बाहेर मांडायला सुरुवात केली. डबा. चष्म्याचं घर. कंगवा. घडीची छत्री.

“हे काय करताय, मावशी?”

“सवय हो. आधीच्या घरून निघताना रोज दाखवायचे. सहा वर्षं.” मावशींनी रुमाल झटकून दाखवला. “काम सुटलं तेव्हा बाई म्हणाल्या, पत्रात काय लिहू? म्हटलं, बाकी तुमच्या मनाला येईल ते लिहा. पण काही हरवलं नाही, एवढं मात्र नक्की लिहा. कमावलंय काय मी तिथे? तेवढंच तर.”

सुनेचे कान तापले.

“अहो, नको, नको! ठेवा ते आत. आमच्याकडे असलं काही नाही. सोमवारपासून या तुम्ही,” ती घाईघाईनं म्हणाली. पण म्हणता म्हणता तिची नजर पिशवीच्या तळाशी जाऊन आली.

मावशींनी, तिला नीट दिसावं म्हणून, पिशवी जरा उजेडाकडे कलती केली.