मुगाचं कढण

"खरं सांग मोनाली, या दोन महिन्यांत काय काय खाल्लंस?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. मोनालीचे डोळे डबडबले. "मॅडम, शपथेवर सांगते. दोन वेळा मुगाचं कढण, अर्धी भाकरी आणि ताक. बाकी काही नाही."

"मग लिव्हरवरची चरबी वाढली कशी? वजनही वाढलंय."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या तिच्या आईनं, बेबाबाईनं, पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

मोनालीचे वडील, चोपड्याकडचे केळीवाले भटूआबा, वरच्या वॉर्डात पडून होते. पोटात पाणी झालं होतं, ते काढायला त्यांना जळगावला आणलं होतं. लिव्हर पार निकामी झालेलं. गावाला काय, कावीळ म्हटली की बाटलीच दिसते. भटूआबांना उभ्या जन्मात सुपारीच्या खांडाचं व्यसन नव्हतं, तरी 'मळ्यात बसून घेत असेल' म्हणून लोक मोकळे झाले. सख्ख्या पुतण्यांनीही तेच धरलं आणि आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायची वेळ आली तेव्हा अंग काढून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच समजावलं होतं, "दारूच लागते असं नाही हो. वीस वर्षांची शुगर आहे, पोटाचा घेर बघा, रक्तातली चरबी बघा. दारू न पिताही लिव्हर असंच सडतं." पण ते ऐकायला गाव थोडंच आलं होतं दवाखान्यात!

बेबाबाईचा रक्तगट जुळला नाही. एकुलत्या एक मोनालीचा जुळला. पण तिच्याही लिव्हरवर चरबी निघाली. कॉलेजात असल्यापासून तिची पाळी महिनोन्‌महिने चुकायची, थायरॉईडची गोळी चालू होती, अंग सुटलेलं. तीन स्थळं त्यावरूनच परत गेली होती. "हार्मोन्सचा त्रास असला की शरीर चरबी धरून ठेवतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "दोन महिन्यांत वजन उतरव. लिव्हर साफ झालं की मी स्वतः ऑपरेशनसाठी पुण्याला चिठ्ठी देते."

मोनालीनं कंबर कसली. पहाटे मळ्याच्या रस्त्यानं चालायला लागली. गोड सोडलं, भात सोडला. मूग शिजवायचं काम बेबाबाईनं आपल्याकडे घेतलं.

पोर सुकत चालल्यासारखी वाटू लागली आणि बेबाबाईला ते बघवेना. बाळंतिणीला आधी डिंक-मेथी चारतात. केळीचा घड धरायचा तर बुंध्याला आधी खत घालतात. आणि ही पोर तर पोटातलं काळीज कापून द्यायला निघालेली! तिला उपाशी ठेवायचं? शहरातल्या बाईला काय कळतं, असं बेबाबाईच्या मनानं घेतलं. मग ती कढणात लोणकढं तूप घालू लागली. वर तरंगू नये म्हणून शेंगदाण्याचं कूट टाकून रवीनं घुसळायची. ताकात साय. चवीला म्हणून गूळ. "आई, तुझ्या हाताला चव आहे बाई," असं म्हणत मोनाली वाटी चाटूनपुसून खायची, आणि वजनकाट्यावर उभी राहिली की रडायची. 'माझ्या अंगातलाच दोष आडवा येतो,' म्हणायची. आकडा चढतोय म्हणजे पोरीच्या अंगात बळ येतंय, अशीच बेबाबाईची समजूत.

"चरबी चढलेलं लिव्हर कापलं तर तुझाही जीव जाईल आणि त्यांचाही वाचणार नाही," डॉक्टरीणबाई आता सांगत होत्या. "मी परवानगी देऊ शकत नाही."

"मला अजून दोन महिने द्या. मी पाण्यावर राहीन."

"तुला देईन गं. त्यांच्याकडे नाहीत."

बेबाबाई उभी राहिली.

"मॅडम, मी टाकं. तूप मी टाकं कढणमा. पोरले काहीच माहीत नही. दुबळी गाय काय दूध देई, म्हनीसन टाकं."

मोनालीनं आईकडे पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. बेबाबाईला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडावं, दोन शब्द तोडून बोलावं, म्हणजे तरी बरं वाटेल. मोनालीनं नुसता तिचा पदर सारखा केला आणि ती बाहेर पडली.

बेबाबाई भिंत धरत जिना चढली. रिपोर्टचं भटूआबांना कळू नये म्हणून 'औषधं आणायला जाते' असं सांगून ती खाली आली होती. आता नवऱ्यापुढे कोणत्या तोंडानं जायचं? वॉर्डाच्या दाराशी हिरवा पडदा होता. त्याच्यामागे ती थबकली. आतून आवाज येत होता.

"आते नही जमाव, आबा," मोनाली सांगत होती. "चरबी वाढी गई. मीच खादं, लपीछपी. भूक सोसायनी नही."

बेबाबाईनं पडदा मुठीत धरला. आबांचा हात पोरीच्या केसांवरून फिरला असावा, तिच्या बांगड्या किणकिणल्या, ती हमसून रडायला लागली.

"खादं त खादं. रडू नको, बेटा. पोरनं पोट चिरीसन माले कोठे जगनं व्हतं?" भटूआबा म्हणाले. मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"फक्त तुनी मायले सांगू नको. तिले असं वाटी, का तिनंच काही चुकनं."