चांगुणाची आरोळी

रवीच्या पंक रॉक बँडचा नवा अल्बम मोठ्या कंपनीनं काढला, त्याच दिवशी दयारामला कळलं की पोराच्या गाण्यातून आपल्या बायकोची आरोळी गेली. ते गाणं पोरांनी आधी ज्वारीच्या वावरात रेकॉर्ड केलं, तेव्हा चांगुणा मचाणावरून आरोळ्या देत पोपट हाकलत होती; तिची एक आरोळी गाण्यातच राहिली. “मी वरडली तं पोपट उडते, तुमच्यानं काय उडते बे?” म्हणाली. ती वारल्यावर दयाराम त्या आरोळीसाठीच गाणं लावायचा. आता मोबाइलवर जुन्याच्या जागी नवंच वाजलं. त्यानं रवीला फोन केला, “मायले काऊन काढलं बे?” “जुनं कंपनीले चाललं नाही, बाबा. त्यायनं मायच्या जागी दुसरी बाई वरडाले आणली, मी नाही म्हटलं. ड्रम थांबते ना, थे मोकळी जागा मायचीच.” दयारामनं मचाणावर बसून गाणं पुन्हा लावलं. ड्रम थांबले. तिची गोफण मांडीवर होती. कणसांवरचे पोपट हाकलायचे राहिले.