राजीखुशीनं

आरतीचं ताट हातात घेऊन गिरिजाबाई मिलच्या गेटात उभी होती आणि ओवाळायला आलेल्या बाकीच्या चौघी कामगार बायका तिला हसत होत्या. त्या ठेवणीतली इरकलं नेसून आल्या होत्या. हिचं लुगडं रोजचंच, विटकं, पदर कमरेला घट्ट खोचलेला.

"आगं, दिल्लीचा सायेब येतोय," सारजाबाई म्हणाली. "जरा बरं तरी नेसायचं."

"सायबाला ओवाळलं की थेट वाइंडिंग खात्यात जायाचंय मला. इरकलावर सुताचं तूस बसलं तर झाडत कोण बसंल, तू?"

दुष्काळामागोमाग मंदी आली आणि मालकानं मिलला टाळं ठोकलं, त्याला चौदा महिने झाले होते. मधे एकदा मशिनं उचलून न्यायला ट्रक आले, तेव्हा ही बया चाकापुढं आडवी झाली. सतरा दिवस तुरुंगात काढले, पण एकही मशीन जागचं हलू दिलं नाही. 'सरकारनं मिल चालवावी' असा अर्ज दिल्लीला गेला, त्यावरही पहिली सही हिचीच. बावीस वर्षं वाइंडिंगला सूत गुंडाळून पगाराच्या कागदावर अंगठा उठवणारी बाई त्या एका सहीसाठी महिनाभर पाटीवर नाव गिरवत बसली होती. आणि सरकारनं खरंच मिल घेतली की! आज ती पुन्हा सुरू होत होती.

मोटार आली. साहेब उतरला. त्याच्या शेजारी कामगारांच्या वतीनं गिरिजाबाईचा नवरा उभा होता, लूम खात्यातला सिद्धाराम जॉबर, मागांवरचा मुकादम. गळ्यात हार. चौदा महिने भवानी पेठेतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेला माणूस आज ताठ उभा आहे, हे बघून तिला फार बरं वाटलं.

तिनं ओवाळलं. साहेबानं ताटात नोट ठेवली आणि विचारलं, "आप किस खाते में काम करती हैं?"

तिनं तोंड उघडायच्या आत सिद्धाराम बोलला, "मेरी घरवाली है साब. घर मेंच रहती."

साहेब हसून पुढं गेला. गिरिजाबाईला वाटलं, गडबडला असेल. नाहीतरी याच्या हिंदीची बोंबच होती.

मग गेटावरचा कारकून बसलिंगप्पा यादी घेऊन नावं पुकारू लागला. गडी एकेक करून आत गेले. यादी संपली. बाईमाणसाचं एकही नाव आलं नाही.

"अण्णा, वाइंडिंगची यादी निराळी हाय काय?"

बसलिंगप्पा बावीस वर्षांच्या ओळखीचा. त्यानं मान वर केली नाही. "गिरिजाक्का, तुमीच लिहून दिलंय की." फायलीतला एक कागद काढून त्यानं वाचून दाखवला. घरचं बघायचं असल्यामुळे मी राजीखुशीनं काम सोडत आहे. खाली तिचं नाव होतं आणि नावापुढं निळा अंगठा.

"मला तर सही येती," गिरिजाबाई म्हणाली. "ह्यो अंगठा कुणाचा?"

बसलिंगप्पानं फाईल मिटली. उत्तर मागून आलं. सिद्धाराम हार काढून हातात धरून उभा होता.

"समदी मानसं घेऊन मिल चालत न्हाय, असं सरकारचं म्हननं पडलं. घरटी एकच ठिवा म्हनले. मग आमी गड्यांनी बसून ठरिवलं, आन् बायकांच्या नावापुढं आमचंच अंगठं उठिवलं. मी एकट्यानंच न्हाय केलं, समद्यांनी केलं."

"कवा?"

"झालं की आठ दिस."

आठ दिवस हा माणूस तिच्या हातची भाकरी खात होता. काल बाजारातून कापूर यानंच आणला. आज पहाटे 'आवर लवकर' म्हणून यानंच उठवलं. गिरिजाबाईला रडू आलं नाही. मिलला टाळं लागलं तेव्हासुद्धा तिच्या जिवाला एवढं लागलं नव्हतं.

"मला सांगायचं तरी."

"सांगिटलं असतं तर ओवाळाया आली असतीस व्हय?"

"सरकारचं मला काय वाटत न्हाय," ती म्हणाली. "ट्रकाम्होरं कोण आडवं पडलं, ते त्येला कुटं ठावं? तुमाला ठावं हुतं की."

तेवढ्यात चौदा महिन्यांतला पहिला भोंगा झाला. सिद्धारामनं हातातला हार तिच्या ताटात ठेवला.

"ह्यो घरी घिऊन जा," तो म्हणाला. "पयल्याच दिशी उशीर नको." आणि पळतच आत गेला.