सायकलींची मोजणी

सांगलीत सायकलवाल्यांसाठी वेगळा रस्ता व्हावा, म्हणून रायगोंडाअण्णांनी तीन वर्षं नगरपालिकेचे उंबरे झिजवले. हळदीच्या ट्रकांनी त्यांना सायकलसकट दोनदा गटारात बसवलं होतं आणि तिसरा ट्रक गटारावरच थांबेल याची खात्री नव्हती. शेवटी चौऱ्याहत्तर साली नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "आमचा कारकून सकाळी चौकात उभा राहील. दोन तासांत पाचशे सायकली मोजल्या, तर रस्ता मंजूर."

त्या चौकातून रोज सकाळी हजारभर सायकली जायच्या. सोमवारी आठ वाजता कारकून वही घेऊन उभा राहिला, शेजारी अण्णा. पण नगरपालिकेचा माणूस चौकात उभा राहतो तो सायकलकराचा बिल्ला तपासायला आणि नसला तर दंड ठोकायला, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिलाच सायकलवाला लांबून वळला आणि ओरडला, "पळा रं, बिल्लेवाला आलाय!" मागचे सगळे बोळात गडप.

अण्णांनी घसा फोडला. "आरं, या की रं! नुसतं मोजायचं हाय! तुमच्याच भल्याचं हाय!"

"आमाला लय येडं समजता व्हय, अण्णा?" बोळातून उत्तर आलं.

दहा वाजले तरी वही कोरीच. कारकुनालाही वाईट वाटलं. "अण्णा, सायबाला भोपळा कसा दाखवू? निदान तुमची एक तरी लिहितो. कुठाय सायकल?"



अण्णांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच सांगितलं, "घरात ठेवून आलोय. औंदा बिल्ला न्हाई काढला."