सगळ्या आजारांपुढे 'नाही'

परदेशातल्या नोकरीसाठी आरोग्य विम्याचा फॉर्म भरत होतो, तर मध्येच प्रश्न आला: चक्कर येते का? येते ना! स्टुलावर चढलो तरी डोकं गरगरतं, म्हणून तर आयुष्यभर जमिनीवरचंच वेल्डिंग केलं. "अहो, खरं काय ते लिहा," बायको म्हणाली. "खरं लिहिलं तर विमा नाही, आणि विमा नाही तर नोकरीही नाही!" मी खेकसलो. सगळ्या आजारांपुढे 'नाही' लिहिलं आणि 'माहिती खोटी निघाल्यास कामावरून काढले जाईल' या ओळीखाली झोकात सही ठोकली.

तिकडे पहिल्याच सकाळी साहेबांनी आम्हा पाच वेल्डरना अर्धवट बांधलेल्या टॉवरखाली उभं केलं आणि एकेकाचा फॉर्म चाळला. कुणी बीपी लिहिलं होतं, कुणी शुगर, एका पठ्ठ्याने तर चक्करसुद्धा. विमा सगळ्यांनाच मिळाला होता. त्या चौघांना साहेबांनी खालच्या शेडमध्ये कामाला लावलं.



मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तिसाव्या मजल्यावर असाच ठणठणीत माणूस लागतो. चल, पट्टा बांध."